थोरलीच्या नावाची नळी

थोरली कशाला भीत नाही, असं सगळं घर म्हणायचं, आणि थोरली ते हसत ऐकून घ्यायची. गॅसचा वास आला की बाकीचे दाराकडे धावत, ही आत जाऊन बटण बंद करून यायची. कामावर सुट्टीवरून सुपरवायझरशी वाद घालायचा झाला तर सगळ्या बायका हिलाच पुढे ढकलत. सासूसुद्धा हिच्यासमोर आवाज अर्ध्यावर आणायची, आणि सासू म्हणजे काही गरीब गाय नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

धाकटीचं अगदी उलट. दाराची बेल जरा जोरात वाजली तरी ती आतल्या खोलीत पळायची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती मान वर करून बोलत नसे. थोरलीनेच तिला हाताला धरून घर शिकवलं, सासूचा राग कधी खरा असतो आणि कधी नुसता सवयीचा ते शिकवलं, आणि पुढे आपल्याच लाँड्रीत कामाला लावलं. पहिल्या बाळंतपणात ताप चढला तेव्हा उशाशी बसून राहिली तीही थोरलीच. नवरा ट्रक घेऊन कुठल्या कुठे गेलेला, त्याचा पत्ता नव्हता. त्यामुळे थोरलीने पूर्व म्हटलं की धाकटीची पूर्व. दोघी सख्ख्या जावा आणि भांडणाचं नाव नाही, याचं शेजारणींना मोठं दुःख होतं.

लाँड्रीत हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी यायच्या. धुऊन, पिळून, मोठ्या रोलरमधून इस्त्री होऊन गरम गरम बाहेर पडायच्या आणि या दोघी त्यांच्या घड्या करायच्या. एक टोक थोरलीकडे, दुसरं धाकटीकडे. ताणायचं, झटकायचं, चालत एकमेकींजवळ यायचं, कोपरे जुळवायचे, परत मागे. दिवसभरात इतक्या वेळा तोंडासमोर तोंड यायचं की मनातलं लपवायला जागाच उरत नसे. निदान धाकटीला तसं वाटायचं.

एक दिवस लाँड्रीतल्या जेवणाच्या खोलीतली टेबलं भिंतीला सरकवली आणि तपासणीवाले आले. पांढऱ्या कोटातल्या दोन तरण्या मुली आणि प्लॅस्टिकचे क्रेट. त्यातल्या एकीने बायकांना समोर बसवून समजावलं, आणि चांगलं समजावलं, खोटं कशाला बोला. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर व्हायच्या आधी बरीच वर्षं तिथे एक विषाणू मुक्काम ठोकून असतो. बहुतेक बायकांच्या अंगातून तो आपसूक निघून जातो. काहींच्यात मात्र ठाण मांडून बसतो आणि घात करतो. तो शोधायच्या दोन पद्धती होत्या. एक जुनी, खात्रीची, पण मशीन महाग आणि निकालाला वेळ. दुसरी नवी, स्वस्त आणि झटपट. नवीवर किती विसंबायचं ते कळायला एकाच बाईचे दोन नमुने दोन्हीकडे द्यायचे आणि उत्तरं जुळतात का ते ताडून पाहायचं. त्यासाठी आजारी बायका नकोत, धडधाकट हव्यात.

म्हणजे परीक्षा मशीनची आणि पेपर आम्ही लिहायचा, असं थोरली म्हणाली आणि सगळी खोली हसली. ती मुलगीही हसली.

डॉक्टर नाही, टेबल नाही, कुणापुढे पाय फाकवणं नाही. प्रत्येकीला कापसाच्या दोन मऊ काड्या आणि औषधाचं पाणी घातलेल्या दोन नळ्या मिळाल्या, जुन्या मशीनसाठी लाल टोपणाची, नव्यासाठी निळ्या. नळीवर आपलं नाव. बाथरूममध्ये जायचं, काडी आत घालून हळूच फिरवायची, नळीत सोडायची, टोपण लावायचं. त्याआधी प्रत्येकीला विचारलं, पाळी सोडून मधेच कधी रक्त जातं का? सगळ्या नाही म्हणाल्या. थोरलीचं ‘नाही’ सगळ्यांत मोठ्याने आलं.

धाकटीने आपलं उरकलं. भीती होती तेवढं काही नव्हतं, कान साफ करण्याइतकंच. ती बाहेर आली तर थोरली बाथरूमच्या बोळात तशीच उभी, दोन्ही नळ्या मुठीत आणि तोंड उतरलेलं. धाकटीला तिचं तसं तोंड ओळखीचं नव्हतं.

“मला जमत नाही,” थोरली म्हणाली. “तू घे.”

मदत हवी असेल, दार धरून उभं राहायचं असेल, असं धाकटीला वाटलं. तसं नव्हतं. थोरलीचं म्हणणं, धाकटीने पुन्हा आत जाऊन आपलाच नमुना या नळ्यांतही घालायचा. कोण बघतंय? बाईचं अंग ते बाईचं अंग. त्यांना मशीन तपासायचंय, आपल्याला थोडंच. असलं आत काहीतरी घालणं आपल्याला किळसवाणं वाटतं, आणि आता नाही म्हणून परत केलं तर या सगळ्या वर्षभर दात काढतील. बाहेर बायका खोळंबल्या होत्या. थोरलीने आजवर धाकटीकडे काही मागितलं नव्हतं. धाकटी नळ्या घेऊन आत गेली.

लालची नीट झाली. निळीच्या वेळी कुणीतरी दार वाजवलं, ती दचकली, काडी जरा जास्तच आत गेली आणि दुखलं. टोपण लावून ती बाहेर आली. थोरलीने तिचा गाल थोपटला आणि तेवढ्यावर ते संपलं असं दोघींनाही वाटलं.

मग कितीतरी दिवस काहीच नाही. एका सकाळी धाकटीच्या फोनवर निरोप आला की दोन्ही तपासण्यांत काही आढळलं नाही, काही वर्षांनी पुन्हा तपासून घ्या. तिला बरं वाटलं आणि ती कामाला गेली. दुपारी घरच्या फोनवर थोरलीसाठी फोन आला, तो सासूने उचलला. तपासणी केंद्रातली सिस्टर एवढंच म्हणाली, की त्यांना पुढच्या तपासणीसाठी बोलवायचंय, त्यांच्याशीच बोलायचंय. सासूला तेवढं पुरलं. राईचा पर्वत करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. संध्याकाळी दोघी घरी आल्या तेव्हा सासू पायरीवर बसून रडत होती आणि दोन शेजारणी तिची समजूत काढत होत्या.

थोरलीने सगळ्यांसमोरच उलटा फोन लावला. ऐकलं, हो हो म्हणाली, ठेवला. मग म्हणाली, दोन नळ्यांपैकी एकीत तो विषाणू सापडलाय. लालमध्ये नाही, निळ्या टोपणाच्या नळीत. दोन उत्तरं जुळत नाहीत, म्हणून डॉक्टर प्रत्यक्ष बघणार आहेत.

धाकटी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला आणि मग पायाखालची जमीनच सरकली. निळं टोपण. दुखलं होतं ती काडी. नाव थोरलीचं होतं, पण नळीत होती ती धाकटी. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने नजर वळवली आणि सासूला म्हणाली, रडू नका हो आई, मी काय लगेच मरत नाहीये.

आता घ्या. त्या दिवसापासून घरात थोरलीचे जे लाड सुरू झाले ते बघवत नव्हते. भाऊजी म्हणजे थोरलीचा नवरा, ज्याला एरवी बायको जेवली की नाही हेसुद्धा माहीत नसायचं, तो वेळेवर घरी येऊन फळं कापून द्यायला लागला. सासूने खिडकीजवळची आपली जागा तिला दिली. बादली उचलू नकोस, पिठाचा डबा काढू नकोस, वाकू नकोस. आणि मग ती बादली कोण उचलणार? धाकटी. तो डबा कोण काढणार? धाकटी. ‘तुझं बरं आहे गं बाई,’ सासू तिला म्हणायची, ‘तुझ्या अंगाला कधी काही लागत नाही.’ तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. धाकटी निमूटपणे भांडी घासायची आणि पोटात काही दुखतंय का ते चाचपायची.

आणि दुखायचं की. बघितलं तर कुठे ना कुठे दुखतंच. कंबर दुखली की वाटायचं, झालं, पसरलं. दुखायचं थांबलं की वाटायचं, आतल्या आत चाललंय. मुलीची वेणी घालताना तिचा हात मधेच थांबायचा, की आपण गेलो तर हिचे केस कोण विंचरणार, थोरलीच्या हाताला तर घाई फार, पोरगी रडेल. नवऱ्याचा वाटेतून फोन आला की तो आधी वहिनीची तब्येत विचारायचा. एकदा तिला रडू आवरलं नाही, तर तो म्हणाला, वहिनीसाठी एवढं मनाला लावून घेऊ नकोस, ती खमकी आहे. तिने फोन मुलीच्या हातात दिला.

चार नळ्या, एक अंग. तीन म्हणतात नाही आणि एक म्हणते आहे. हा हिशोब ती रोज मांडायची आणि रोज त्याचं उत्तर वेगळं यायचं. तीन खऱ्या असतील. पण त्या तीन वरवरच्या होत्या आणि चौथी खोल गेली होती. नवं मशीन खोटं बोलत असेल. पण खोटं कोण बोलतं हेच कळत नाही, म्हणून तर ते लोक नळ्या घेऊन आले होते ना? विचारायला कुणी नव्हतं. केंद्रात फोन करावा तर तिच्या नावाने दोन्ही नळ्या स्वच्छ होत्या. तिला कोण बोलावणार? ज्या बाईला बोलावलं होतं ती घरी सफरचंद खात होती.

शेवटी चादरीच्या घडीवर तिने तोंड उघडलं. जवळ येऊन कोपरे देताना एक वाक्य, मागे जाऊन परत येताना दुसरं. खरं काय ते सांगून टाकू, मला तपासून घेऊ दे. थोरलीने आधी थट्टेवर नेलं, की तीन नळ्या नाही म्हणतात, एक हो म्हणते, मग बहुमत कुणाचं?

“कॅन्सर काय बहुमताने ठरतो?” धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. शेजारच्या रोलरवरच्या बायकांनी माना वळवल्या.

मग थोरलीचा सूर बदलला. तोंड उघडलंस तर याद राख, म्हणाली. घरात सगळे काय म्हणतील? इतके दिवस आजाराचं सोंग केलं म्हणतील. कामावर लोक तोंडात शेण घालतील, ते वेगळंच. पुढच्या फेरीला ती पुन्हा मऊ झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, जरा धीर धर, मी करते काहीतरी. धाकटीने कोपरे तिच्या हातात दिले आणि मागे सरली. तिला राग आला होता, आणि थोरलीवर रागवायची सवय नसल्यामुळे तो कुठे ठेवायचा हे तिला कळत नव्हतं.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत थोरलीचा फोन वाजला. ती बॉयलरच्या मागे गेली आणि बराच वेळ बोलत राहिली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. वाफ गेली डोळ्यात, म्हणाली. केंद्रातून तारीख पक्की करायला फोन होता, बाकी काही नाही.

तपासणीच्या दिवशी सोबत यायला सासू निघाली होती आणि भाऊजीही. थोरलीने दोघांना घरी बसवलं, धाकटी आहे ना म्हणाली. धाकटीने मनाशी ठरवलं होतं, की आत गेल्यावर डॉक्टरांना सगळं सांगून टाकायचं, मग थोरली जन्मभर बोलली नाही तरी चालेल. बसमध्ये ती तेच वाक्य मनात घोकत होती. तेवढ्यात थोरलीच तिच्या कानाशी वाकली.

“माझ्या नावाने तूच आत जा,” ती म्हणाली. “चेहरा कोण ओळखतंय? तुझं तपासून होईल. माझंही मिटेल.”

धाकटीला आधी खरंच वाटेना. मग इतकं हलकं वाटलं की तिने थोरलीचा हात घट्ट धरला. हेच तर हवं होतं. कुणाला काही सांगायला नको, थोरलीचा पाणउतारा नको, आणि आपल्याला डॉक्टर बघणार. सुंठीवाचून खोकला गेला. आपण थोरलीबद्दल काय काय वाईट विचार केले, म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

केंद्र म्हणजे एका जुन्या इमारतीचा तळमजला होता. बाकडी, पाण्याचा फिल्टर, फिनेलचा वास. थोरलीचं नाव पुकारलं तेव्हा थोरलीने तिला कोपराने ढोसलं आणि धाकटी उठली. आत पडद्याआड कपडे बदलून ती टेबलावर आडवी झाली, पाय वर टेकवले, गुडघ्यांवर चादर. तिथली सिस्टर वयस्कर होती, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. फोन करणारी हीच, हे आवाजावरून कळलं. डॉक्टरबाई पलीकडे हातमोजे घालत होत्या.

सिस्टरने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही फोनवर बोललात ते फार बरं केलंत, म्हणाली. मी डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

धाकटीला कळेना. काय बोलले, असं तिने विचारलं.

“अहो, तेच. रक्त जातं ते,” सिस्टर म्हणाली. “पाळी नसताना जातं. नवऱ्याजवळ गेलं की जातं. बरेच महिने झाले म्हणालात ना? लाजू नका, इथे सगळ्या सांगतात.”

धाकटी छताकडे बघत राहिली. तिला तसलं रक्त कधीच गेलं नव्हतं. बॉयलरमागचे ते लाल डोळे तिला आठवले आणि मग सगळं एकदम कळलं. किळस वगैरे काही नव्हतं. थोरलीला आपल्या अंगातलं माहीत होतं, म्हणून तिने काडी लावून घेतली नव्हती, आणि म्हणून आज बाकड्यावर बसून धाकटीला आत पाठवलं होतं.

डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. अंग सैल सोडा म्हणाल्या. आता काय होणार ते धाकटीला स्पष्ट दिसत होतं. त्या बघतील. धाकटी चांगली निघाली तर कागदावर थोरली चांगली म्हणून लागेल. थोरली ते घरी नेईल, सासू साखर वाटेल आणि थोरलीचं रक्त तसंच जात राहील. पुन्हा तिला कुणी विचारणार नाही, कारण डॉक्टरांनीच बघितलंय ना? आणि तरी, खरं सांगायचं तर, धाकटीच्या मनात आलं की आधी आपलं बघून घेऊ दे, मग सांगू. आता बोललो आणि यांनी हाकलून दिलं तर? इतके दिवस जीव टांगणीला लागलाय तो तसाच राहील. ती माणूस होती, देव नव्हे. पण डॉक्टरबाईंचा हात चादरीला लागला आणि तिचं तोंड आपोआप उघडलं.

“थांबा. मी ती नाही,” ती म्हणाली. “ती बाहेर बसलीय.”

मग सगळं सांगावं लागलं, तसंच आडव्याने, पाय वर. चारही नळ्या माझ्या. डॉक्टरबाई आधी चिडल्या, आणि चिडणारच. दोन मशीन पारखायला बसलेल्यांच्या पारड्यात या दोघींनी आपला दगड टाकला होता. दोन्ही नावांच्या नोंदी आता बाद, म्हणाल्या. मग एकदम थांबल्या.

“म्हणजे जिला रक्त जातं तिचा नमुना कुठे आहे?”

“कुठेच नाही,” धाकटी म्हणाली.

सिस्टर बोलणं पुरं व्हायच्या आत बाहेर गेली होती. परत येऊन म्हणाली, बाकड्यावर कुणी नाही.

धाकटीने कपडे कसेबसे चढवले आणि धावली. फाटकाबाहेर रहदारी, औषधाचं दुकान, हातगाड्या. थोरली बसथांब्यावर बसली होती, पिशवी मांडीवर. धाकटीला बघून तिने विचारलं, झालं का, काय म्हणाल्या?

“रक्त कधीपासून जातंय?” धाकटी म्हणाली.

थोरलीने आधी तोंड फिरवलं. मग त्या सिस्टरला दोन शिव्या. मग मान खाली घालून बोलायला लागली. तिची मावशी यातच गेली. तपासायला आपल्या पायांनी चालत गेली, आणि आली ती अंथरुणालाच खिळली. तपासलं नसतं तर निदान आणखी वर्षभर हिंडली फिरली असती. नाव कळलं की माणूस खचतं. न कळलेलं बरं. धाकटी म्हणाली, ती तपासल्यामुळे नाही गेली, उशिरा तपासल्यामुळे गेली. थोरली म्हणाली, तू होतीस का तिथे?

“मग फोनवर कशाला सांगितलंत?”

थोरलीने मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे केले. “तिला माझं तोंड दिसत नव्हतं,” ती शेवटी म्हणाली. “आणि तिने विचारलं गं. नीट विचारलं.”

धाकटी तिच्याशेजारी बसली. ती म्हणाली, “मला तुमचा राग आलाय. एवढा कधी कुणाचा आला नव्हता. माझ्या चांगल्या अंगाचा निकाल घेऊन तुम्ही मरायला निघाला होतात. पण मी तुम्हाला सोडून घरी जाणार नाही. चला.”

एक बस आली, थांबली, गेली. धाकटीने तिचं मनगट धरलं. थोरली मनात आणती तर एका झटक्यात सुटली असती, अंगाने ती दुप्पट होती. पण ती उठली आणि लहान मूल शाळेला निघावं तशी मागून चालायला लागली.

आत धाकटी तिच्या डोक्याशी उभी राहिली. थोरलीने तिचा हात असा धरला होता की नखं रुतत होती. डॉक्टरबाई बघत होत्या. नको तेवढा वेळ बघत होत्या. सिस्टरकडे एक हत्यार मागितलं, छोटा तुकडा काढला, थोरली कळवळली, तुकडा बाटलीत गेला. मग हातमोजे उतरवून त्या म्हणाल्या, आज मी नाव देत नाही, तुकडा तपासायला जाईल. पण तिथे काहीतरी आहे आणि त्याचे उपचार लगेच करायचेत.

“उशीर झाला का?” थोरलीने विचारलं.

ते तुकडा सांगेल, डॉक्टरबाई म्हणाल्या. आजचा दिवसही गेला असता तर मात्र मला राग आला असता.

मग धाकटीचा नंबर. तिला वाटलं होतं खूप वेळ लागेल, पण लगेच झालं. काही दिसत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. ती निळी नळी चुकली असेल, किंवा विषाणू येऊन निघूनही गेला असेल, म्हणूनच तर दोन्ही पद्धती ताडून बघतोय. वर्षाने पुन्हा नमुना द्या. आणि स्वतःच्या नावाने द्या, एवढी कृपा करा.

धाकटीने तोंड भिंतीकडे वळवलं, कारण तिला हसू येत होतं आणि ते थांबत नव्हतं. इतक्या दिवसांचा दगड छातीवरून उतरला होता. पलीकडे थोरली कपडे नीट करत बसलेली, आणि आपण हसतोय. तिला शरम वाटली, तरी हसू थांबेना.

“हस की गं,” थोरली मागून म्हणाली. “मला दिसतंय. निदान एकीचं तरी चांगलं झालं.”

दोघी बसने परतल्या. घराच्या वळणावर थोरली थांबली. पुढे होऊन तू सांग, मला नाही जमायचं, म्हणाली. धाकटीचं ‘बरं’ ओठांवर आलंही होतं, इतक्या वर्षांची सवय. पण तिने मान हलवली. हे तुमचं तुम्हीच सांगायचं, मी शेजारी उभी राहते, म्हणाली.

सासू दारातच होती, मागे भाऊजी. काय म्हणाले, काही नाही ना, असं सासूने लांबूनच विचारलं. थोरलीने पिशवी खाली ठेवली.

“आई, मला रक्त जातंय,” ती म्हणाली. “बरेच महिने झाले. मी कुणाला सांगितलं नाही. आज त्यांनी तुकडा काढून घेतलाय.” भाऊजी पुढे आला, तिने हाताने त्याला थांबवलं. “अजून एक आहे. त्या नळ्या माझ्या नव्हत्याच. मी घाबरले म्हणून हिने आपल्या दिल्या होत्या. सापडलं होतं ते हिच्या नळीत. इतके दिवस जीव हिचा जात होता आणि लाड माझे चालले होते.”

एका साध्या फोनवर पायरीवर बसून रडणारी सासू आता मात्र रडली नाही. तिने थोरलीला जवळ घेतलं. मग तिच्या खांद्यावरून तिने धाकटीकडे पाहिलं, जसं काही तिथे कुणीतरी आहे हे आत्ताच दिसलं असावं.

“आणि तुला गं?” ती म्हणाली. “तुला काय म्हणाले?”

“माझं चांगलं आहे, आई,” धाकटी म्हणाली. एवढंच बोलायचं होतं. पण तिला कुणी विचारलं होतं ते आज पहिल्यांदाच, आणि ती तिथेच दारात हमसून हमसून रडायला लागली.